कारागिराला शेडमध्ये नेऊ नका, पाहुण्याला गल्लीत आणा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर;
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका;
पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती;
आणि पर्यटन खात्यात कोल्हापूरची फाईल ज्यांच्या टेबलावर असेल ते सर्व अधिकारी

विषय : हातकामाच्या गल्ल्या, चित्रं आणि पुस्तकांची दुकानं पाहुण्यांना दाखवण्याबाबत

स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसरासाठी १,४४५ कोटींचा आणि जोतिबासाठी २५९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. पाठोपाठ जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता गावात माणसं वाढणार, रस्ते खणले जाणार, दुकानं हलणार आणि पाहुण्यांसाठी काहीतरी ‘उभारलं’ जाणार, हे उघड आहे. ते उभारण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं एवढीच इच्छा.

आज कोल्हापूरला येणारा पाहुणा काय करतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पहाटे उतरतो, अंबाबाईची रांग धरतो, बाहेर पडून मिसळ खातो, जोतिबाला जाऊन येतो. उन्हं उतरली की रंकाळ्यावर भेळ, रात्री तांबडा-पांढरा, आणि गाडी. मधल्या वेळात चप्पल लाईनला घासाघीस करून एक जोड घेतो, बायकोसाठी एक ठुशी बघून ठेवतो. देवीचं दर्शन झालं, पोट भरलं, पिशवी भरली. पण ती चप्पल कुणी शिवली, ठुशी कुठल्या माळ्यावर घडली, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि कोल्हापुरात पुस्तकांची चांगली दुकानं आहेत हे तर आपण पाहुण्याला जवळजवळ गुपितासारखं लपवून ठेवतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी येणारी पाहुणेमंडळी, जुन्या विद्यार्थ्यांचे मित्र, कुणाची सून, कुणाचे ऑफिसातले सहकारी, यांना गाव दाखवणं हे काम आपोआप माझ्याकडे आलं. यातले पुष्कळजण देवळापुरते येतच नाहीत. त्यांना हातानं केलेल्या वस्तू बघायच्या असतात, चित्रं बघायची असतात, नव्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात तासभर रेंगाळायचं असतं. अशी माणसं वाढताहेत. ती मुक्काम करतात, चालतात, प्रश्न विचारतात आणि घासाघीस कमी करतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक साधा नकाशासुद्धा नाही.

पायताणापासूनच सुरुवात करते, कारण पाहुण्याला ठाऊक असलेली कोल्हापूरची वस्तू तीच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. आपल्या दुकानांत टांगलेल्या चपलांतल्या कितीतरी अथणी-निपाणीकडच्या घरांतून येतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त पाहुण्याला ते खरं सांगावं. शहरात सुभाषनगर, जवाहरनगर या भागात अजून काम चालतं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कातडं कमावायचं, रापीनं तळ कापायचा, थर एकमेकांवर बसवून ठोकायचे, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचं. अस्सल जोडात खिळा नसतो. कान, पट्टा, अंगठा, वेणी हे सगळे वेगवेगळे भाग, आणि वेणी घालण्याचं काम बहुतेक घरांत बायका करतात. ही गोष्ट दुकानात चप्पल घेणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव माणसांना माहीत नसते. कापशीच्या चपलेचं नाव कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून पडलं हेही नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पुढे कंपनीनं या चपलांची प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. ती कुठे गेली? थेट कारागिरांच्या कामाच्या जागी. कातडं हातात घेऊन बघितलं, शिवण बघितली. इटलीहून आलेल्या माणसाला वस्तू समजून घ्यायला कुठे जावं लागतं ते कळलं, आणि सांगली-सोलापूरहून, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आपल्या माणसाला तिथला पत्ताच कुणी देत नाही. दुकानातल्या पोराला विचारलं, ‘बनवतात कुठं?’ तर तो हात हलवून म्हणतो, ‘तिकडं वस्तीत.’ कुठली वस्ती, कुठला रस्ता, गेलं तर चालतं का, काही नाही.

आता माझी खरी भीती. दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात कलाग्राम, हस्तकला केंद्र, हाट असं काहीतरी बांधायची कल्पना निघते. हायवेला लागून जागा, पत्र्याचं मोठं शेड, सारख्या मापाचे गाळे, दारात फेटा बांधलेला पुतळा, उद्घाटनाला मंत्री. पहिले काही महिने कारागीर येऊन बसतात. मग रोज तिथवर जायचं भाडं, दुपारभर गिऱ्हाईक नाही, घरातलं काम खोळंबलेलं, बायका वेणी घालायला घरीच. हळूहळू गाळ्यात कारागिराऐवजी व्यापारी बसतो आणि त्याच्याकडे यंत्रावर कापलेला, रेक्झीन चिकटवलेला माल दिसायला लागतो. पाहुणा तो घेऊन जातो आणि पहिल्या पावसात त्याचं पितळ उघडं पडतं. दोष कोल्हापूरच्या नावाला. कृपा करून असलं काही इथे बांधू नका. कारागीर जिथे आहे तिथेच त्याला राहू द्या आणि पाहुण्याला तिथवर पोचवा. त्याला पैसेही कमी लागतील. इमारत नसल्यामुळे कोनशिला बसवता येणार नाही एवढीच अडचण.

इथे एक गोष्ट मात्र संभाळायची. चप्पल हे काही नुसतं ‘हस्तकौशल्य’ नाही. कातडं कमावणं ढोर समाजानं आणि शिवणं चर्मकार समाजानं करायचं, असं आपण जातीनं वाटून दिलेलं काम होतं, आणि त्या कामाच्या वासावरून त्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला ठेवल्या होत्या. आता त्याच वस्तीत सेल्फी काढणाऱ्यांचे घोळके घुसवणार असाल तर नको. मी स्वतः एकदा असा प्रकार पाहिला आहे. कुण्या प्रवासी कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, वीस-पंचवीस माणसं उतरली, दारात बसून आरी चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडासमोर फोन धरले, ‘जरा वर बघा काका’ झालं, आणि कुणी एक जोड न घेता, पाणी विचारलं तर तेही न पिता, सगळी गाडीत. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पाठ फिरवून बसले. पाणी न पिणं आपल्याकडे साधी गोष्ट नसते, हे गाडीतल्या मंडळींना कळलं असेल असं वाटत नाही.

याच गावात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल घालायला लावलं आणि स्वतः त्यांच्या दारात जाऊन, सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींना घेऊन, चहा प्यायला. गंगारामांना राजवाड्यावर बोलावून चहा पाजला असता तर एवढं झालं नसतं. महाराज दारात गेले, तिथे प्यायले, यातच सगळं आलं. गल्लीत पाहुणा आणायचा तर त्याच रीतीनं आणा: घरच्यांना विचारून, त्यांच्या वेळेला, पाच-सहापेक्षा जास्त माणसं एकदम नाहीत, आणि त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. माणशी शंभर-दीडशे रुपये ठेवा, ते थेट त्या घरात जाऊ देत, मधल्या कुठल्या मंडळाच्या खात्यात नकोत. माहिती सांगायला वस्तीतलीच कॉलेजात जाणारी मुलंमुली तयार करा. आपल्या आजोबांचं काम ती बाहेरच्या गाईडपेक्षा नीट सांगतील आणि कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही हेही त्यांना कळतं. मानांकनाच्या चपलेवर आता क्यूआर कोड लागू लागला आहे. त्या कोडमागे नुसता क्रमांक न ठेवता कुठल्या गावात, कुणाच्या हातानं शिवली ते मराठीत लिहा. घरच्यांची हरकत नसेल तरच, अर्थात.

गुजरीत प्रश्न वेगळा आहे. तिथे सोनं आहे, कुणीही जिना चढून वर गेलेलं चालणार नाही, आणि सराफांचं म्हणणं बरोबर आहे. पण कोल्हापुरी साज घडताना बघणं ही कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोठी मेजवानी आहे हो! ठशावर पातळ पत्रा ठोकून एकेक पान उठवायचं, आतली पोकळी लाखेनं भरायची, जवमणी आणि पानं आळीपाळीनं गाठवायची. पूर्वीच्या साजाला एकवीस पानं असायची. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. आता वजन परवडत नाही म्हणून दहा-बारा पानांवर भागवतात. पानावर मासा आहे, कासव आहे, नरसिंह आहे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. चित्रकलेच्या तासाला मुलांना मी हे काढायला सांगायचे तेव्हा वहीचं पूर्ण पान त्यांना पुरायचं नाही. गुजरीतल्या एखाद्या सराफानं तळमजल्यावर काचेआड पितळेवर किंवा चांदीवर काम करणारा एक माणूस बसवला, तरी पाहुणा तिथून हलणार नाही. महापालिकेनं अशा दुकानाला घरफाळ्यात थोडी सूट द्यावी. बाकी गुजरीला तुमची मदत लागत नाही, ती आपलं आपण बघते.

कुंभार गल्ल्यांचं सांगायचं तर शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प, पापाची तिकटी या ठिकाणी उन्हाळ्यापासून गणपतीचं काम सुरू होतं. शाडूच्या मूर्तीवर हात फिरताना बघायचा असेल तर जून-जुलैत या, डोळ्यांची आखणी बघायची असेल तर श्रावणात. पण त्याच दिवसांत पंचगंगाही वाढते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तयार मूर्तींचं काय झालं ते तुम्ही पंचनाम्यात लिहिलं आहे. पाहुणे आणायच्या गोष्टी करताना या लोकांना पावसाळ्यात मूर्ती उंचावर हलवायला हक्काची जागा हवी, हे आधी. ती मिळाली की फलक वगैरे लावू.

आता चित्रं. आपण स्वतःला कलापूर म्हणवून घेतो आणि पाहुणा विचारतो, ‘मग चित्रं कुठं बघायची?’ टाऊन हॉल म्युझियमला पाठवते. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा ब्राँझचा पुतळा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठावर समुद्रापलीकडचा देव येऊन पोचला होता, हे ऐकल्यावर पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मी पुन्हा पुन्हा जाईन. तिथेच आबालाल रहिमान आहेत. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहून पाण्यावरचा उजेड रंगवत बसलेला माणूस, १९३१ मध्ये गेला. महाराज गेल्यानंतर त्यांनी आपली पुष्कळ चित्रं तळ्यात सोडून दिली असं जुने लोक सांगतात. खरं खोटं कोटीतीर्थालाच माहीत. पण जी राहिली त्यांच्यासमोर उभं राहिलं की कळतं, या गावाला चित्रांचा नाद कुठून लागला. त्या चित्रांना नीट उजेड हवा, काचेवरची झळाळी जायला हवी आणि शेजारी चार ओळी शुद्ध मराठीत हव्यात. कोटीतीर्थावर एक छोटा फलक लावला की पाहुणा चित्र बघून तळ्यावर जाईल किंवा तळं बघून चित्राकडे.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. नट म्हणून लोकांना माहीत असलेल्या या माणसानं पावडर शेडिंगमध्ये काय काम केलं आहे हे बघायला कोल्हापूरचीच माणसं गेलेली नसतात, पाहुण्यांना कोण सांगणार? दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात कलानिकेतन आणि दळवीजमध्ये शिकलेल्या मुलांची प्रदर्शनं लागतात, तिकीट नाही, चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याची माहिती ज्यांना माहीत असते त्यांनाच कळते. आठवड्याला कुठे काय लागलं आहे याचा एक कागद हॉटेलांच्या काउंटरवर जायला किती खर्च येतो?

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. पाहुणा तिथे फोटो काढतो, पण बाबूराव पेंटरांनी देशी कॅमेरा तयार करून इथे सिनेमा काढायला सुरुवात केली आणि पडदे रंगवणाऱ्या माणसाच्या हातून ही कला उभी राहिली, ही गोष्ट त्या खांबाकडे बघून कुणालाही समजत नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुण्यानं तिचं काय केलं ते सगळ्यांना दिसतं. आपण खांब उभा केला. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर रडत उभं होतं. इतकं प्रेम असलेल्या गावाला आपल्याकडे काय आहे ते जळण्याआधी दाखवता येत नाही, याचा मला राग येतो. एवढंच.

पुस्तकांच्या दुकानांकडे येते. या पत्रातला हा भाग वाचून तुम्ही म्हणाल, बाई, पुस्तकांचं दुकान हे पर्यटनस्थळ कधीपासून झालं? तर ज्यांना वाचायची सवय आहे त्यांच्यासाठी ते फार पूर्वीपासून आहे. अशी माणसं अनोळखी गावात उतरली की जेवणाच्या आधी पुस्तकांचं दुकान शोधतात. भिलारला पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये झालं तेव्हा लोक मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले. तिथे घराघरांत पुस्तकं नेऊन ठेवावी लागली. आपल्याकडे ती आधीपासून आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. मुंबई विद्यापीठ निघालं त्याच्याही सात वर्षं आधी इथे लोक वर्गणी देऊन वाचत होते. भाऊसिंगजी रोडवर अजब पुस्तकालयासारखी दुकानं आहेत. अक्षर दालनातल्या ‘अक्षरगप्पा’ गावातल्या वाचकांना पाठ आहेत: दुकानाच्याच जागेत लेखक येऊन बसतो, समोर पन्नासेक माणसं, कुणी पायरीवर. पाहुण्याला अशी संध्याकाळ मिळाली तर तो मिसळीपेक्षा ती जास्त दिवस लक्षात ठेवील. (मिसळप्रेमींनी राग मानू नये. मीही मिसळ खाते.)

ही दुकानं तग धरतात कशावर? जूनमध्ये शाळेची पाठ्यपुस्तकं, वर्षभर स्पर्धा परीक्षांची गाईडं, ग्रंथालयांची खरेदी आली तर ती. दारात एमपीएससीचे गठ्ठे दिसतात म्हणून साहित्य वाचणारा पाहुणा बाहेरूनच परत फिरतो. त्याला माहीत नसतं की आत तिसऱ्या मांडणीला गेलं की कविता आहेत, ग्रामीण कथा आहेत, शाहूंची चरित्रं आहेत, आणि गल्ल्यावरचे गृहस्थ ‘काय वाचता?’ असं विचारून तुमच्या उत्तरावरून चौथं पुस्तक काढून देतात. हे संगणकाला अजून जमलेलं नाही. घरपोच सवलतीत पुस्तक येतं, हॉलमध्ये निम्म्या किमतीची प्रदर्शनं लागतात, आणि या दुकानदारानं भाडं, वीज, दोन माणसांचा पगार काढायचा. अनुदान द्या असं मी म्हणत नाही, अनुदानाची फाईल पुस्तकापेक्षा जाड होते. त्यांच्याकडे माणसं पाठवा.

आणि दुकानदारांनाही माझं एक सांगणं आहे, ते या पत्रात थोडं आगंतुक वाटेल. दारातली एक मांडणी ‘कोल्हापूर’ म्हणून राखून ठेवा. १९७४ चं ज्ञानपीठ मिळवणारे वि. स. खांडेकर इथले, त्यांचं संग्रहालय शिवाजी विद्यापीठात आहे. आनंद यादव कागलचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. शाहू महाराजांवरची पुस्तकं, पन्हाळ्यावरची, कुस्तीवरची, सिनेमावरची, स्वयंपाकावरची. बाहेरच्या माणसाला आपल्या गावाचं पुस्तक मागायचं असतं पण नाव माहीत नसतं. ते समोर दिसलं की घेतोच. मराठी न वाचणाऱ्यांसाठी इंग्रजी-हिंदीतलं जे काही आहे तेही तिथेच असू द्या, वाईट वाटून घेऊ नका.

जिल्ह्यात फिरायला दुसरा दिवस हवा. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, पैंजण, घुंगरू. पट्टणकोडोली बिरदेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध, तिथली घोंगडीही बघावी. रेंदाळला हातमागाचा आवाज अजून ऐकू येतो, पण लवकर जावं लागेल. रेल्वेनं तासाभरावर मिरज. जिल्हा सांगलीचा असला म्हणून काय झालं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. मूळची हत्यारं घडवणारी माणसं वाद्यांकडे वळली, आणि मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यातून सूर काढायला लागली. पाहुण्याला जिल्ह्याची हद्द दिसत नाही, तुम्हाला दिसते, म्हणून दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक कागद काढा एवढीच विनंती.

मंदिर परिसराच्या आराखड्याबद्दल शेवटचं आणि महत्त्वाचं. जागा घेताना तुमच्या यादीत ‘दुकान’ असा एकच रकाना असेल. त्यात दोन रकाने करा: जिथे वस्तू विकली जाते आणि जिथे ती घडते. पट्टा बदलून देणारा, साज-बोरमाळ गाठवणारा पटवेकरी, देवीच्या दागिन्यांना उजाळा देणारा, फेटा बांधणारा, जुनी पुस्तकं बांधून देणारा, यांच्याकडे बहुतेक भाडेपट्टा नसतो, कागद नसतात, ओट्यावरची चार फूट जागा असते. मोजणीच्या दिवशी ते नोंदले गेले नाहीत तर नव्या, चकचकीत, दगडी फरशीच्या रस्त्यावर ते नसतील. आणि पर्यायी जागा द्याल तेव्हा ती देवळापासून चालत पाच मिनिटांच्या आत द्या, पहिल्या मजल्यावर नको. आरी धरणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची आहेत, गिऱ्हाईकही तसंच.

देवस्थान समितीला विनंती अशी की दर्शनरांगेतून बाहेर पडताना, प्रसादाच्या काउंटरशेजारी, एक नकाशा ठेवावा. जाहिरात नको, प्रायोजक नको, कुणाचा फोटो नको. चप्पल लाईन, गुजरी, कुंभार गल्ल्या, कोटीतीर्थ, टाऊन हॉल, शाहू स्मारक, वाचन मंदिर आणि पुस्तकांची सगळी दुकानं, लहानातलं लहानसुद्धा. चालत किती मिनिटं, कधी उघडं, कधी बंद. मागच्या बाजूला गल्लीत जायचे नियम: विचारून फोटो काढा, दिलेलं पाणी प्या, घासाघीस दुकानात करा, कारागिराशी नको. दहा रुपये किंमत ठेवा, म्हणजे लोक तो फेकणार नाहीत.

नकाशाचं रेखाटन मी स्वतः करून देईन, मानधन नको. छापायला जाण्याआधी अक्षरं मात्र एकदा मला तपासू द्या.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर